प्रचाराची घाटवाट

जुन्नरहून पश्चिमेला निघालेला रस्ता चावंड किल्ला मागे टाकून घाटघरला येतो आणि पुढे थोड्याच अंतरावर पठार तुटते. डाव्या हाताला जीवधनचा कडा, समोर खाली पसरलेले कोकण आणि कड्याला पडलेल्या अरुंद खिंडीतून वैशाखऱ्याकडे उतरणारी नाणेघाटाची वाट. दोन हजार वर्षांपूर्वी कल्याण आणि सोपारा बंदरांत उतरलेला माल या वाटेने वर चढे आणि जुन्नरमार्गे पैठण, तेरकडे जाई. व्यापारी, हमाल, भिक्षू, यवन म्हणजे ग्रीक अशा नाना तऱ्हेच्या माणसांना हा चढ चढावा लागे. घाटमाथ्यावरचा दगडी रांजण जकात गोळा करण्यासाठी होता, असे लोक आजही सांगतात.

या खिंडीच्या तोंडाशी सातवाहन राजांनी एक लेणे खोदवले. कोकणातून चढून आलेला दमलेला माणूस जिथे हमखास टेकेल, नेमकी तीच जागा त्यांनी निवडली. आत भिंतींच्या कडेने बसायला ओटा आहे. डाव्या आणि उजव्या भिंतीवर ब्राह्मी लिपीत, प्राकृत भाषेत कोरलेला लांब लेख आहे. मागच्या भिंतीवर राजघराण्यातल्या माणसांच्या प्रतिमा होत्या. त्या आज उरलेल्या नाहीत. राहिली आहेत ती पावलांची चिन्हे आणि वरची काही नावे. सिमुक सातवाहन, राणी नागनिका आणि राजा शातकर्णी, राजकुमार, महारठी त्रणकयिर. एकोणिसाव्या शतकात भगवानलाल इंद्रजी आणि गेऑर्ग ब्यूलर यांनी हा लेख वाचून प्रसिद्ध केला. बहुतेक अभ्यासक तो इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातला मानतात.

भारतीय अंकांचे फार जुने नमुने याच भिंतीवर सापडतात, म्हणून गणिताच्या इतिहासात या लेखाला मानाचे स्थान आहे. महाराष्ट्राच्या राजकीय इतिहासाची सुरुवातही बरीचशी याच लेखाच्या आधाराने लिहावी लागते. पण आणखी एका कारणासाठी तो वाचायला हवा. आपल्या भूमीवरच्या राजकीय प्रचाराचा हा एक फार जुना आणि अतिशय विचारपूर्वक घडवलेला नमुना आहे. वृत्तपत्रे, रेडिओ, दूरचित्रवाणी आणि मोबाइल यांतून आज जो प्रचार आपल्यापर्यंत येतो, त्याची बहुतेक तंत्रे या लेण्यात दिसतात.

प्रचार म्हणजे लोकांचे मत आपल्याला हवे तिकडे वळावे म्हणून ठरवून, एका बाजूने केलेली मांडणी. तो खोटाच असतो असे नाही आणि वाईटच असतो असेही नाही. पोलिओच्या डोसांसाठी वर्षानुवर्षे झालेला प्रचार नसता, तर २०१४ साली भारत पोलिओमुक्त म्हणून जाहीर झाला नसता. म्हणून ‘हा प्रचार आहे का’ एवढे विचारून भागत नाही. तो कसा काम करतो, हे कळले पाहिजे.

निवडलेले खरे

नाणेघाटच्या लेखाची सुरुवात देवांना वंदन करून होते. इंद्र, संकर्षण, वासुदेव, चंद्र, सूर्य, लोकपाल यांची नावे येतात. मग राजाचे वर्णन येते: दक्षिणापथाचा स्वामी, ज्याचे चक्र कुणी अडवू शकले नाही असा. राणीच्या व्रतस्थ जीवनाचा उल्लेख येतो. पुढे यज्ञांची यादी सुरू होते. दोन अश्वमेध, राजसूय आणि इतर अनेक. प्रत्येकाची दक्षिणा आकड्यांत दिलेली आहे. कुठे १,७०० गाई आणि १० हत्ती, कुठे ११,००० गाई आणि १,००० घोडे, कुठे २४,४०० कार्षापण नाणी.

यातले आकडे खोटे आहेत असे म्हणायला आपल्याकडे आधार नाही. कदाचित ते खरेच असतील. प्रश्न वेगळा आहे. इतके धन कुठून आले, हे भिंत सांगत नाही. या घाटातून जाणाऱ्या मालावर किती कर होता, ओझी कोण वाहत होते, कातळ फोडणाऱ्या पाथरवटांना काय मिळाले, यांतले काहीही तिथे नाही. देणाऱ्याचा हात दिसतो. ज्यांच्याकडून घेतले ते हात दिसत नाहीत. अमेरिकी पत्रकार वॉल्टर लिपमन यांनी १९२२ साली लोकमतावरच्या आपल्या पुस्तकात मांडले की, ज्या जगाचा आपल्याला थेट अनुभव नाही त्याचे एक चित्र आपण मनात बाळगतो आणि त्या चित्रावरूनच वागतो. पैठणचा राजवाडा कधीही न पाहिलेल्या व्यापाऱ्याच्या मनात राजाचे जे चित्र उभे राहत असेल, त्याला आकार देण्याचे काम ही भिंत करत होती.

उरलेले चित्र शोधायला फार लांब जावे लागत नाही. जुन्नरभोवतीच्या लेण्यांत साध्या माणसांचे लेख आहेत. धान्य विकणाऱ्यांच्या श्रेणीने, म्हणजे व्यावसायिक संघाने, लेणे आणि पाण्याचे टाके दान दिल्याचा लेख आहे. बांबूचे काम करणाऱ्यांच्या आणि काशाचे काम करणाऱ्यांच्या श्रेणींचे उल्लेख आहेत. इरिल, चित, चंद्र अशी नावे सांगणाऱ्या यवनांची दाने आहेत. हे लेख लहान आहेत, त्यांत पराक्रमाच्या ओळी नाहीत. पण नाणेघाटचा लेख आणि हे लेख शेजारी ठेवले की, राजाच्या यज्ञांना पैसा पुरवणारी बाजारपेठ डोळ्यांसमोर येते. एकतर्फी मांडणीवर उतारा मिळतो तो असा, दुसऱ्या आवाजांतून.

आजची माध्यमेही बहुतेक वेळा सरसकट खोटे बोलत नाहीत, ती निवडतात. मॅक्सवेल मॅककॉम्ब्स आणि डोनाल्ड शॉ या संशोधकांनी १९६८च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीच्या काळात चॅपल हिल इथल्या मतदारांचा अभ्यास केला. वृत्तपत्रे आणि दूरचित्रवाणी ज्या प्रश्नांना जास्त जागा देत होती, तेच प्रश्न मतदारांना महत्त्वाचे वाटत होते. याचा पडताळा घाटघरलाही घेता येईल. पावसाळ्यात नाणेघाटातला वाऱ्याने उलटा उडणारा धबधबा असंख्य चित्रफितींतून लोकांसमोर येतो आणि शनिवार-रविवारी पुण्या-मुंबईच्या गाड्यांची रांग लागते. जुन्नर-आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यातल्या महादेव कोळी कुटुंबांचा हिरड्याच्या भावाचा प्रश्न मात्र त्याच पुण्या-मुंबईच्या माणसाच्या कानावर क्वचितच पडतो. इथे कुणी काही खोटे सांगितलेले नाही. तरीही या भागाचे जे चित्र शहरात तयार होते, ते अपुरे आहे.

ठशावर ठसा

भिंत एका जागी असते. तिच्यापाशी माणसाला यावे लागते. नाणे मात्र माणसाच्या कमरेच्या कशात बसून गावोगाव जाते. म्हणून नाणे हे प्राचीन काळाचे खरे जनमाध्यम.

सातवाहनांच्या हातून हा प्रदेश काही काळ क्षहरात क्षत्रप नहपानाकडे गेला. जुन्नरच्या मानमोडी लेण्यांत नहपानाचा अमात्य अयम याचा लेख आहे. नाशिकच्या लेण्यांत नहपानाचा जावई उषवदात याने आपल्या दानांची यादी कोरवली, त्यात ३ लाख गाईंचे दान सांगितले. पुढे गौतमीपुत्र शातकर्णीने नहपानाचा पराभव केला. १९०६ साली नाशिक जिल्ह्यात जोगळटेंभी इथे चांदीच्या नाण्यांचा प्रचंड साठा सापडला. १३ हजारांहून जास्त नाणी होती आणि सगळी मुळात नहपानाची. त्यांतल्या ९ हजारांहून जास्त नाण्यांवर गौतमीपुत्राने आपली चिन्हे पुन्हा ठोकली होती. नाणी वितळवून नवी पाडता आली असती. पण जुना चेहरा अर्धवट दिसत राहिला आणि त्यावर विजेत्याचा ठसा बसला, यातून कुठलेही अक्षर न वाचता येणाऱ्यालाही राज्य कुणाचे हे समजत होते. नाशिकच्या लेण्यातच नंतर गौतमी बलश्रीने मुलाच्या पराक्रमाचा लेख कोरवला आणि त्याने क्षहरातांचा वंश उखडला, असे अभिमानाने नोंदवले.

एकच खूण हजारो हातांतून, रोज, पुन्हापुन्हा समोर येणे, ही नाण्याची ताकद. पुनरावृत्तीचा मनावर काय परिणाम होतो, हे १९७७ साली लिन हॅशर, डेव्हिड गोल्डस्टाइन आणि थॉमस टोपिनो यांनी प्रयोगाने दाखवले. एखादे विधान आपण पूर्वी ऐकलेले असेल, तर पुन्हा ऐकताना ते अधिक खरे वाटते, मग ते खोटे का असेना. ओळखीचे वाटणे आणि खरे असणे यांत मन गल्लत करते. हा भोळ्या माणसांपुरता दोष नाही. माणसाच्या मनाची घडणच अशी आहे.

महाराष्ट्राने याचे एक लाजिरवाणे उदाहरण पाहिले आहे. २००९च्या विधानसभा निवडणुकीनंतर पत्रकार पी. साईनाथ यांनी उघड केले की, एकाच नेत्याची स्तुती करणारा, शब्दन्‌शब्द तोच मजकूर एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या मराठी वृत्तपत्रांत ‘बातमी’ म्हणून छापून आला होता. जाहिरात असती तर वाचकाने तिच्याकडे जाहिरात म्हणून पाहिले असते. बातमीच्या वेषात आल्यामुळे तो सावध झाला नाही, आणि दुसऱ्या वृत्तपत्रात तेच वाचल्यावर त्याला पुरावाच मिळाल्यासारखे वाटले. ‘पेड न्यूज’ हा शब्द मराठी घरांत त्या सुमारास रुळला. भारतीय प्रेस कौन्सिलने या प्रकाराच्या चौकशीसाठी उपसमिती नेमली. पैशाने बातमी विकत मिळते तेव्हा मतदाराचा विश्वासही त्याच सौद्यात विकला जातो.

विश्वासाचा माणूस

प्रचार थेट कागदावरून किंवा पडद्यावरून मनात शिरतो, असा पूर्वी समज होता. पॉल लाझार्सफेल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४० साली अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या एका परगण्यात मतदारांच्या वारंवार मुलाखती घेतल्या, तेव्हा वेगळेच निघाले. बहुतेक लोकांची मते वृत्तपत्र किंवा रेडिओपेक्षा ओळखीच्या माणसांशी झालेल्या बोलण्यातून पक्की होत होती. माध्यमातला विचार आधी गावातल्या, गल्लीतल्या जाणत्या माणसाकडे येतो आणि त्याच्या तोंडून इतरांकडे जातो.

मराठी माणसाला हे नवे वाटायला नको. ‘केसरी’ सुरू झाला ४ जानेवारी १८८१ रोजी. त्या काळी वाचता येणारे थोडे होते. एक अंक गावात येई, कुणीतरी तो चावडीवर किंवा देवळाच्या ओट्यावर मोठ्याने वाची आणि भोवती बसलेले ऐकत. त्यांच्यापर्यंत अग्रलेख पोहोचे तो वाचणाऱ्याच्या आवाजात, त्याच्या टिप्पणीसह. ज्यांना हे ओटेही बंद होते, त्यांच्यापर्यंत सत्यशोधक जलसे आणि पुढे आंबेडकरी जलसे पोहोचले. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात शाहीर अमर शेख आणि अण्णा भाऊ साठे यांचा डफ आणि १९५६ साली आचार्य अत्र्यांनी काढलेले ‘मराठा’ दैनिक एकमेकांना पूरक ठरले. छापलेला शब्द सकाळी यायचा आणि संध्याकाळी तो मैदानात गायला जायचा.

या चळवळींबद्दल मला आदर आहे. तरीही सांगितले पाहिजे की त्यांनी वापरलेली साधने सत्ताधाऱ्यांच्या प्रचारातही तीच असतात. पहिल्या महायुद्धात अमेरिकी सरकारने १९१७ साली खास समिती नेमली आणि चित्रपटगृहांत चार मिनिटांची युद्धसमर्थक भाषणे करायला हजारो स्थानिक वक्ते तयार केले. लोकांच्या ओळखीचा माणूस उभा करायचा, त्याच्या तोंडी आपले म्हणणे घालायचे. साधन तेच, हेतू वेगळा. म्हणून आपल्या आवडत्या विचाराचा प्रचारही तपासूनच घ्यावा लागतो.

आज चावडीची जागा मोबाइलवरच्या ग्रुपने घेतली आहे. मामेभावाने, शाळेतल्या बाईंनी किंवा सोसायटीच्या सेक्रेटरींनी पाठवलेला मजकूर आपण त्यांच्यावरच्या विश्वासाने वाचतो. तो मुळात कुणी लिहिला, हे त्यांनाही ठाऊक नसते. चावडीवर वाचणारा निदान समोर बसलेला असे. त्याला तिथेच प्रश्न विचारता येई.

भीतीचा वेग

विश्वासाच्या या वाटेवरून भीती निघाली की काय होते, ते १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाडा इथे दिसले. त्या दिवशी रविवारचा आठवडे बाजार होता. भिक्षा मागून पोट भरणारे नाथपंथी डवरी गोसावी समाजातले पाच जण गावात आले होते. मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवा मोबाइलवरून कित्येक दिवस फिरत होत्या. जमावाने त्या पाच जणांना मारहाण करून ठार केले. ते निरपराध होते.

त्या काळात देशभर फिरलेली एक चित्रफीत मुळात कराचीतली होती. मुलांच्या सुरक्षेबद्दल जागृती करण्यासाठी बनवलेल्या त्या फितीत मोटारसायकलवरचे लोक मूल उचलतात आणि लगेच परत आणून ठेवतात. मुलांकडे लक्ष ठेवा, असा संदेश शेवटी दिसतो. कुणीतरी शेवट कापला. उरलेली दृश्ये ‘आपल्या भागात घडलेला प्रकार’ म्हणून फिरली. दृश्ये जशीच्या तशी होती. अर्थ मात्र पार उलटला. राईनपाड्यानंतर त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक मजकूर एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. पाच माणसांचा जीव गेल्यावर ती आली.

खोटी बातमी जलद का धावते? सोरूश वोसुघी, देब रॉय आणि सिनान अराल यांनी ट्विटरवरच्या २००६ ते २०१७ या काळातल्या बातम्या तपासल्या. खोटी बातमी पुढे पाठवली जाण्याची शक्यता खऱ्या बातमीपेक्षा ७० टक्क्यांनी जास्त आढळली. यंत्रे चालवत असलेली खाती वगळली तरी निष्कर्ष बदलला नाही. खोट्याला पाय माणसेच देत होती, कारण ते नवलाचे वाटते आणि भीती किंवा चीड जागवते.

भीतीचा असा वापर कुठवर जाऊ शकतो, हे रवांडाने दाखवले. तिथले आरटीएलएम हे रेडिओ केंद्र १९९३ साली गाणी, गप्पा आणि विनोद ऐकवत लोकप्रिय झाले. त्याच आवाजांनी तुत्सी लोकांना झुरळे म्हणायला सुरुवात केली आणि १९९४च्या नरसंहारात मारेकऱ्यांना चिथावणी दिली. शेजाऱ्यांच्या एखाद्या गटाला किड्यामुंग्यांची नावे दिली जाऊ लागली की समजावे, पुढच्या हिंसेसाठी जमीन नांगरली जात आहे.

एकच आवाज उरतो तेव्हा

प्रचाराला सगळ्यात जास्त काय हवे असते? समोर दुसरे कुणी बोलू नये, हे. १९४२च्या ऑगस्टमध्ये ‘भारत छोडो’ आंदोलन सुरू होताच काँग्रेसचे नेते तुरुंगात गेले, वृत्तपत्रांवर बंधने आली, आकाशवाणी ब्रिटिश सरकारच्या हातात होती. तेव्हा मुंबईत उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ४२.३४ मीटरवर गुप्त काँग्रेस रेडिओ सुरू केला. नोव्हेंबरमध्ये पोलिसांनी छापा घालेपर्यंत, जागा बदलत, तो चालला. जेमतेम तीन महिन्यांचे आयुष्य लाभलेल्या या केंद्राने सरकारी आवाज हा एकमेव आवाज नाही, एवढे सिद्ध केले.

स्वतंत्र भारतात २५ जून १९७५च्या रात्री आणीबाणी आली. वृत्तपत्रांवर पूर्वतपासणी लादली गेली. आकाशवाणी आणि दूरदर्शन सरकारचीच होती. अशा वेळी लोक गप्प बसतात ते केवळ तुरुंगाच्या भीतीने असे नाही. जर्मन संशोधक एलिझाबेथ नोएल-नॉइमन यांनी १९७४ साली मांडले की, आपले मत अल्पमतात आहे असे वाटले की माणूस बोलायचे टाळतो. त्याच्या गप्प बसण्याने ते मत आणखी एकटे दिसते आणि मग आणखी माणसे गप्प होतात. ही साखळी तोडायला कुणीतरी उघडपणे बोलावे लागते. डिसेंबर १९७५ मध्ये कराडच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून दुर्गा भागवतांनी ते केले. त्यांना पुढे अटक झाली. पुण्याचे ‘साधना’ साप्ताहिकही सरकारी कारवाई सोसून उभे राहिले. मार्च १९७७ मध्ये लोकांनी मतपेटीतून उत्तर दिले आणि खुद्द इंदिरा गांधी रायबरेलीत पराभूत झाल्या. प्रचाराने लोकांचे बोलणे थांबवता आले. मत बदलता आले नाही. सत्ताधाऱ्यांना दिवसरात्र आपलाच आवाज ऐकू येत होता, त्यामुळे देशाच्या मनात काय आहे ते त्यांनाच कळले नाही.

वाचकाने काय करावे

प्रचारापासून पूर्ण सुटका नाही आणि सगळ्यावरच अविश्वास ठेवणे हाही उपाय नाही. काहीच खरे नसते असे मानणारा माणूस शेवटी सगळ्यात मोठ्या आवाजामागे जातो. उपयोगी पडतात त्या काही साध्या सवयी. मजकूर समोर आला की मूळ कुणी लिहिले आणि पैसा कुणाचा, हे विचारावे. आकडे दिले असतील तर कोणते आकडे दिलेले नाहीत, ते शोधावे. चित्रफीत असेल तर तिचे ठिकाण, तारीख आणि शेवट पाहावा. तीच गोष्ट चार ठिकाणी वाचली, तर ती चार जणांनी तपासली आहे की एकाचीच नक्कल चौघांनी केली आहे, याची खात्री करावी. वाचताच राग किंवा भीती उसळली, तर तो मजकूर निदान त्या दिवशी पुढे पाठवू नये. आणि ज्यांच्याबद्दल तो लिहिला आहे, त्यांचे म्हणणे कुठे मिळते का, ते बघावे.

हे काम सरकार, न्यायालय किंवा मोबाइल कंपनी आपल्यासाठी पुरते करणार नाही. त्यांनी आपापली जबाबदारी पाळलीच पाहिजे, पण त्यांचा हात पोहोचण्याआधी मजकूर पाच ग्रुपांवर गेलेला असतो. त्या पाच ग्रुपांच्या आधी एक माणूस असतो, आणि तो माणूस म्हणजे आपण. पाठवण्याआधी थांबा, तपासा, आणि घरातल्या मुलांनाही तपासायला शिकवा. लोकशाहीत लोकमताचे राज्य असते. ते मत आपले स्वतःचे असेल याची काळजी आपणच घ्यायची आहे.